पाखरांच्या लग्नाची ताटली

“खिडकीत दहीभात कुणी ठेवला?” आमचे हे ओरडले.

यांना, म्हणजे सतीशरावांना, म्युनिकमध्ये नोकरी हवीय. म्हणून मस्कतच्या आमच्या घरात वर्षभरापासून मराठी बंद. लेकीशी, प्रणालीशी, फक्त इंग्रजी आणि जर्मन बोलायचं, असा फतवा. सासूबाई नातीशी दोन शब्द बोलल्या की हे इथल्या अरबांसारखं “आई, खलास! पुरे!” म्हणून डोळे वटारणार. मेलं ते जर्मनीचं खूळ! स्वतःला जर्मनमध्ये धड दहापर्यंत आकडे येत नाहीत.

प्रणालीला जर्मन शिकवायला हाना येते. काल तिने प्रणालीला खिडकीत रिकामी ताटली ठेवायला लावली. तिच्या गावी जानेवारीत पाखरांचं लग्न असतं म्हणे, आणि पाखरं मुलांच्या ताटलीत खाऊ ठेवून जातात. प्रणालीला हे आजीला मराठीत सांगता येईना. सासूबाईंनी ताटली पाहिली, समोरचा कावळा पाहिला आणि ठरवूनच टाकलं, बिचाऱ्या हानाचं कुणीतरी गेलं! लगेच भात कालवून वाढला.

तेवढ्यात हाना आली. सासूबाईंनी तिचा हात धरला. “रडून घे हो बाई. मन हलकं होतं.”

यांचा चेहरा पडला. इंग्रजीत सारवासारव सुरू झाली. हाना मात्र भरल्या ताटलीकडेच बघत राहिली.

“माझी आजी होती तोवर अशी ताटली भरायची,” ती इंग्रजीत म्हणाली. “आम्ही सोर्ब. जर्मनीतच राहतो, पण भाषा वेगळी. थोडेच उरलोत. आजी गेली आणि आई म्हणाली, आता फक्त जर्मन बोलायचं.”

एवढं ऐकून माणसाने काय विचारावं? आमच्या या दीडशहाण्याने विचारलं, “म्हणजे मॅडम, तुमची जर्मन शुद्ध नाही?”

लाजेने मला मान वर करवेना.

“शुद्धच आहे,” हाना शांतपणे म्हणाली. “माझ्याकडे दुसरी उरलीच नाही.”

हे खूश झाले. “मग ठीक आहे. यल्ला, चला, सुरू करा.”

सासूबाई अजून हानाचा हात धरून होत्या. “काय म्हणाली गं ती, प्रणू? कोण गेलं तिचं?”

प्रणालीला सगळं कळलं होतं. डोळे भरून आले होते पोरीचे. तिने तोंड उघडलं. “आजी, तिची... ती...” पुढे मराठी शब्दच सापडेनात. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

सासूबाई नातीच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.