शेवटचं कधी जिंकलात?

मानवी मनाचा तळ गाठण्यासाठी व्यसनमुक्ती विभागाने बारा पानांचा फॉर्म तयार केला होता, आणि त्याच्यापुढे कोणतंही गुपित टिकत नाही, असं डॉक्टर दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांना सांगत. सध्या तो फॉर्म सिस्टरांच्या मांडीवर होता आणि बेचाळिसाव्या प्रश्नावर अडला होता.

"जुगार खेळता?"

"छे हो, सिस्टर. दारू सोडली तर मला कसलंही व्यसन नाही," लिफ्ट मेकॅनिक म्हणाला.

सिस्टरांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला एकाही पेशंटने होकार दिला नव्हता. पत्तेवाले म्हणत, तो विरंगुळा. मोबाइलवर मॅचला पैसे लावणारे म्हणत, तो अभ्यास. जुगार नेहमी दुसराच कोणीतरी खेळत असे.

मेकॅनिक उद्या घरी जायचा होता. महिनाभर थेंब नाही, वजन चार किलोंनी वाढलेलं, वागणूक अशी की डॉक्टर त्याला नव्या पेशंटांपुढे नमुना म्हणून उभा करत. बायको आजच बॅग भरून शेजारच्या स्टुलावर बसली होती. अडचण एवढीच होती, की सिस्टरांना डोळे होते.

वॉर्डाबाहेर दोन लिफ्ट होत्या. त्यातली कुठली आधी येणार, यावर पेशंट चहाबरोबरची बिस्किटं लावत. मेकॅनिक नुसत्या आवाजावरून ओळखायचा, त्यामुळे सगळी बिस्किटं त्याच्याकडे जमायची. त्यातलं एकही तो खात नसे. इथवर ठीक. पण दुसऱ्या आठवड्यातच थांबलेला त्याच्या हातांचा कंप लिफ्टचा आकडा बदलायला लागला की परत यायचा. सिस्टरांनी तो तीनदा पाहिला होता. रक्तदाबाचं निमित्त करून एकदा नाडीही मोजली होती.

त्यांनी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि फॉर्म मिटला.

"बरं, शेवटचं कधी जिंकलात?"

महिनाभराच्या औषधांनी उजळला नव्हता इतका मेकॅनिकचा चेहरा उजळला. "अहो, मागच्या वर्षी! सलग सात मॅच! सगळे एकीकडे आणि मी एकटा एकीकडे. म्हटलं, थांबा जरा..." तो वीस मिनिटं बोलला. तारखा, स्कोअर, कोण कुठे उभं होतं, सगळं तोंडपाठ. तिसऱ्या पानावर लग्नाची तारीख मात्र त्याला बायकोला विचारावी लागली होती.

"मग, जिंकल्यावर प्यायलात?"

"जिंकल्यावर पिणारच की."

"आणि हरल्यावर?"

"हरल्यावर शुद्धीत कोण राहील, सिस्टर?"

बायकोने बॅगेची चेन उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवायला घेतले. "मी वेडी," ती म्हणाली, "इतकी वर्षं नुसत्या बाटल्या शोधत बसले."

डॉक्टर आले तेच घाईत. "सिस्टर, फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. आणि मला बेड हवाय."

"बेड आत्ता देते. मॅचचा सीझन सुरू झाला की हेच त्या बेडवर परत येतील. तुम्हीच विचारा ना एकदा."

"काय विचारू?"

"शेवटचं कधी जिंकलात, ते."

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच विचारलं. पाचव्या मॅचला ते स्टुलावर बसले. सातव्या मॅचनंतर त्यांनी डिस्चार्ज रद्द केला आणि निदानाच्या रकान्यात दारूच्या खाली जुगार लिहिला.

मेकॅनिक भडकला. "गोड बोलून काढून घेतलंत, सिस्टर!"

"इंजेक्शनही मी तशीच देते," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी कॉरिडॉरमधून त्या जरा ताठ चालल्या. घरी गेल्यावर लेकीला सगळं रंगवून सांगितलं. लेक म्हणाली, "मग, पगार वाढला का?" सिस्टरांनी तेही मनाला लावून घेतलं नाही.

मेकॅनिक आणखी सहा आठवडे राहिला. जुगाऱ्यांच्या गटात आधी भिंतीकडे तोंड करून बसला, मग माणसांकडे. चौथ्या आठवड्यात मोबाइल त्याने आपणहून बायकोच्या हातात दिला. सिस्टरांशी मात्र औषधांपुरतंच बोलला.

घरी जायच्या दिवशी त्याला सिस्टरांशी काहीतरी बोलायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो अर्धा तास त्यांच्या टेबलापाशी उभा राहिला.

त्या दिवशी सिस्टरांची साप्ताहिक सुटी होती.