ऑस्बी सरांचं मत

लिफ्टचं दार उघडलं, पेन्शन फंडाच्या मंडळींमागोमाग व्हर्नन ऑस्बी बाहेर आले, आणि स्वागताला उभ्या असलेल्या जोलीन हाफ्नरनं त्यांना लगेच ओळखलं. एल्डन फॉल्सच्या शाळेत त्यांनीच तिला गणित शिकवलं होतं. पोरीला पुढं शिकू द्या म्हणून तिच्या बापाशी कडाक्याचं भांडलेही होते. निवृत्तीनंतर ते राज्यातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे विश्वस्त झाले होते. जोलीन जिथं काम करायची त्या न्यूयॉर्कच्या फर्मकडं पुन्हा पैसे गुंतवायचे की नाही, हे त्यांच्यासह तिघांना ठरवायचं होतं.

"जोलीन! केस किती आखूड केलेस गं," ते म्हणाले. पूर्वीपेक्षा फारच वाळले होते.

फर्मचा धंदा सांगायला सोपा. शिक्षकांच्या, परिचारिकांच्या, आगीच्या बंबावरल्या माणसांच्या पेन्शनचे पैसे गोळा करायचे, त्यात भरमसाट कर्ज घालायचं आणि चालत्या कंपन्या विकत घ्यायच्या. कर्ज मात्र फर्मच्या डोक्यावर नाही. ते विकत घेतलेल्या कंपनीच्याच गळ्यात बांधायचं. मग चार-पाच वर्षं काटछाट करायची आणि चढ्या भावानं विकून मोकळं व्हायचं. जोलीनकडं लहान गावांतली इस्पितळं होती. त्यांच्या जमिनी विकून टाकायच्या आणि इस्पितळांनी आपल्याच जागेत भाडेकरू म्हणून राहायचं, ही कल्पना तिची. जमिनीचे पैसे फर्मला आणि पेन्शन फंडांना मिळाले, भाडं इस्पितळांच्या माथी आलं. ते भरताना दमछाक होऊ लागली तेव्हा तोट्यातले विभाग बंद झाले. एल्डन फॉल्सचा तातडीचा विभाग त्यातलाच. तो बंद करायचा हुकूम जोलीननंच काढला होता.

फेब्रुवारीत ऑस्बी सरांच्या बायकोच्या, लोईसबाईंच्या, छातीत कळ आली. रुग्णवाहिका बर्फातून शेजारच्या जिल्ह्याकडं निघाली आणि बाई वाटेतच गेल्या. जोलीनला हे आईनं फोनवर सांगितलं. इस्पितळ कोणाच्या ताब्यात आहे हे आईला ठाऊक होतं. पण तो विषय दोघींनीही काढला नाही.

"तुझे मास्तर? मग तर सोन्याहून पिवळं!" फर्मचा मुख्य कॉन्रॅड व्हेल म्हणाला. "एकजण आपल्या बाजूचा आहे, एकजण विरोधात. सगळं म्हाताऱ्यावर अडलंय. जेवायला ने त्यांना."

"कॉन्रॅड, त्यांची बायको आपल्या इस्पितळापायी गेली."

त्यानं चष्मा काढला. क्षणभर त्याचा चेहरा खरंच उतरला. "त्यांना माहितीये?"

"गावात सगळ्यांना माहितीये."

"मग तर तूच जा. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर आपण तोंड लपवतोय असं वाटेल."

जेवायला सरांनी नुसतं सूप मागवलं, आणि तेही निम्मं ठेवलं.

"तुझ्या आईचे उपकार आहेत बघ," ते म्हणाले. "लोईस गेल्यावर कितीतरी दिवस डबा आणून देत होती. मला साधं अंडं उकडता येत नाही."

"सर, तो विभाग मी बंद केला."

"ठाऊक आहे."

"मला वाटलं, तुम्ही ओरडाल."

"वर्गात तरी कधी ओरडलो का? आणि कोणत्या तोंडानं ओरडू? मागच्या खेपेला तुमच्याकडं पैसे द्यायला हात वर केला तो मीच. कशात घालणार, हे विचारलंसुद्धा नाही. घरी जाऊन फुशारकीनं सांगितलं, आपली जोलीन आहे तिथं. लोईसला केवढा आनंद झाला होता."

जोलीननं काटा खाली ठेवला. "ह्या वेळी नाही म्हणा, सर," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचीच तिला भीती वाटली.

"हळू बोल, वेडे. कुणी ऐकलं तर नोकरी जाईल."

"जाऊ दे."

बिल सरांनी तिला देऊ दिलं नाही; विश्वस्तानं असं कुणाचं खायचं नसतं म्हणाले.

दुपारी ती कॉन्रॅडकडं गेली. एल्डन फॉल्सचा विभाग पुन्हा उघडू या, वर्षभराचा तोटा माझ्या नफ्याच्या वाट्यातून कापा, म्हणाली.

"आणि बाकीच्या गावांचं काय? तिथं तुझे मास्तर नाहीत म्हणून?" कॉन्रॅडनं विचारलं. "जोलीन, शरदात आपण इस्पितळं विकतोय. आता खर्च वाढवला तर भाव पडेल. भाव पडला की मार कोणाला? तुझ्या मास्तरांसारख्यांनाच. पैसे त्यांचे आहेत, बाई. आपण नुसते राखणदार."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येईना.

पुढच्या आठवड्यात मतदान झालं. ऑस्बी सरांनी होकार दिला. कॉन्रॅडनं सगळ्यांसमोर जोलीनची पाठ थोपटली. ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं सरांना फोन लावला.

"का, सर?"

"फंडात खड्डा आहे, पोरी. आज तिशीत असलेल्या शिक्षिकांना म्हातारपणी काय देऊ? तुमच्याइतकं दुसरं कुणी देत नाही."

"ते कुठून येतं हे ठाऊक असूनही?"

"ठाऊक असूनही." मग म्हणाले, "तू काम चोख करतेस. पहिल्यापासूनच तशी होतीस."

टोमणा असता तर तिनं सोसला असता. पण ते मनापासून बोलले होते.

शरदात इस्पितळं विकली गेली. नव्या मालकानं हिवाळ्याच्या तोंडावर एल्डन फॉल्सच्या इस्पितळाला कायमचं टाळं ठोकलं. जोलीनला बढती मिळाली. नको म्हणायचं असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण वेळ आली तेव्हा तोंडातून "थँक्यू"च निघालं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आईकडं गेली आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी. विश्वस्तपद त्यांनी सोडलं होतं. कॉफी त्यांनीच केली, पाणचट. बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

"गाडी आणलीयस ना?" त्यांनी निघताना विचारलं. "मग लोईसचे कोट तेवढे चर्चमध्ये पोचवशील? माझ्यानं होत नाही."

तिनं पाचही कोट हातांवर घेतले. त्यांना अजून कापराचा वास होता. चर्चच्या तळघरात जुने कपडे घेणाऱ्या बाईनं ते एकेक करून झटकले आणि खिसे चाचपले.

"लोकर चांगली आहे," बाई म्हणाली. "ह्या थंडीत लगेच जातील. कुणाचे म्हणायचे?"

"ऑस्बीबाईंचे," जोलीन म्हणाली.

बाईचा हात थांबला. तिनं जोलीनकडं नीट पाहिलं, ओळखलं, आणि पाठ फिरवून कोट आत घेऊन गेली.