हात थांबला की ओळ पास

रीलचे पहिले तीन सेकंद लिहून देणं हा परभणीत धंदा होऊ शकतो, यावर सिद्धोधन सरांचा स्वतःचाही विश्वास नव्हता. एम.ए. मराठी होऊन ते तासिका तत्त्वावर शिकवत होते, तेव्हा तास संपेपर्यंत बोललं तरी पोरं मान वर करत नसत. आता तीन सेकंदांत सगळा जिल्हा थांबत होता. 'थांबा! ही साडी घेऊ नका' ही ओळ त्यांचीच. तिच्यावर साडीवाल्या बन्सीधर शेठनं अख्खी लग्नसराई काढली. झरी गावच्या म्हशीवाल्याला त्यांनी लिहून दिलं, 'ही म्हैस विकताना मालक का रडला?' मालक रडला नव्हता. म्हैसही नाही.

प्रत्येक ओळीची परीक्षा स्वयंपाकघरात व्हायची. बायको, सुकेशनी, लसूण सोलत बसलेली असे. सर दारात उभं राहून ओळ वाचत. तिचा हात थांबला की ओळ पास, चालू राहिला की नापास.

"हिच्यासारखा प्रेक्षक न्हाई," सर शेठला सांगत.

गेल्या महिन्यात, साधा ताप म्हणता म्हणता सुकेशनी गेली.

रविवारी तिचं पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. त्याआधी रोहिणीला, त्यांच्या लेकीला, आईचा छोटा व्हिडिओ टाकायचा होता.

"बाबा, सुरुवात तुमी लिहा. साऱ्या दुकानांसाठी लिहिता, आईसाठी एक ओळ लिहा."

सर बसले. 'थांबा! हा चेहरा पुन्हा दिसणार नाही.' खोडलं. 'या बाईनं आयुष्यभर काय केलं, ऐकून थक्क व्हाल!' तेही खोडलं. तिनं काय केलं ते त्यांना सांगता येईना. तिसरी ओळ घेऊन ते सवयीनं स्वयंपाकघराच्या दारात गेले. रोहिणी लसूण सोलत होती. त्यांनी वाचलं. तिचा हात चालूच.

"नापास?"

"मला नका विचारू, बाबा."

"तुझ्या आईचं बरोबर असायचं. ओळ लागली की हात थांबायचा."

"तुमचे ओठ मिटले की थांबायचा."

"म्हंजे?"

"तिला ऐकू येत न्हवतं, बाबा. एक कान तर पार गेलता. दुसऱ्यानं यायचं, पण जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच. मशीन घे म्हणलं, तर म्हणली, मशीन दिसलं की यांना कळंल. मग हे वाचून कुणाला दाखवतील?"

सरांनी हातातला कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "पण नापासही करायची की."

"वाचून झाल्यावर तुमचं तोंड पडलेलं दिसलं, की हात चालू ठेवायची. तुमालाच आवडली नसंल म्हणून."

ओट्यावर कुकर होता. सुकेशनी शिट्ट्या मोजायला त्याच्यासमोर वाफेकडे डोळे लावून बसायची. तुझं लगीन कुकरशी लागलंय का, असं सर तिला लय चिडवायचे. ती हसायची. काय ऐकून हसायची, कुणास ठाऊक.

सरांनी कागद ओट्यावर ठेवला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. तिच्या फोटोच्या इतक्या जवळ उभे राहिले, की काचेवर श्वास उमटला.

"सुकेशनी," ते मोठ्यानं, पार गल्लीत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "ऐकू यायलंय का?"

आत रोहिणीचा हात थांबला.