निर्मलाआत्याला माईक दिला त्याची गोष्ट

अरे बसा तरी, सगळं सांगते. फक्त चिन्मयला मध्ये बोलू देऊ नका, केटरिंगमधला माझा पार्टनर असला तरी. तो लगेच त्याच्या भट्टीपासून सुरू करेल, आणि गोष्ट भट्टीच्या आधी सुरू होते.

म्हणजे बघा, आमच्या ऋतुजाताईला लग्न उघड्यावर हवं होतं. हॉल नको, एसी नको, मोकळं आकाश आणि सगळी माणसं. सगळी म्हणजे सगळी. कोटऱ्यातली आमची आख्खी गल्ली, बाबांचं ऑफिस, नागपूरचे नातेवाईक, ताईच्या शाळेतल्या सगळ्या टीचर. इथेच भोपाळमध्ये, कोलार रोडला एक लॉन मिळालं, छान, कडेला कडुलिंब वगैरे. मग आला केटरर. त्याने प्लेटचा भाव सांगितला आणि बाबांनी गुपचूप पाहुणे कापायला सुरुवात केली. पहिले गल्लीवाले गेले. ताई रडायला लागली.

तेव्हा मी बोलले. "बाबा, जेवण मी आणि चिन्मय करतो. वांग्याची भाजी आणि रोडगे. वरण, भात, मठ्ठा, जिलबी. पंगत गवतावर. कुणालाच कापू नका."

रोडगे माहितीये ना? तुम्ही बाफले खाता, त्यांचे विदर्भातले चुलतभाऊ समजा. कणकेचे जाड गोळे, आत पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, मग फोडायचे आणि वरून तूप. स्वस्त आणि पोटभर. आजीच्या गावी शेकडो माणसं याच्यावर जेवतात.

बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक. हे जेवण निभलं तर तुझं ते केटरिंगचं खूळ मी ऐकून घेईन. नाही निभलं तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. मी विचारून आलोय, बॅचमध्ये जागा आहे."

यार, तुम्हाला माहितीये मी त्या क्लासला किती घाबरते. मी म्हटलं, डन.

ताईची एकच अट होती. "निर्मलाआत्याला माईक द्यायचा नाही." आत्याने स्वतः मंगलाष्टकं रचली होती. साखरपुड्यापासून रचत होती, आणि त्यात आमच्या खानदानातला एकही माणूस सुटला नव्हता. बिट्टूचं नाव पण होतं, जो आमचा कुत्रा होता. मी ताईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

आता खरा घोळ ऐका. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मी भोपाळमध्ये लहानाची मोठी झाले, मैत्रिणींच्या सगळ्या लग्नांत नाचले, तर माझ्या डोक्यात काय? कार्डावर जी वेळ असेल तिच्या दोन तासांनी बारात गेटवर, मग तासभर नाच, मग खाना. चिन्मयच्या पण डोक्यात तेच. आम्ही दोघांनी अगदी शहाण्यासारखा हिशोब लावला आणि ठरवलं, भट्टी बाराला पेटवू. गरम गरम वाढता येईल.

हसा, हसा. नवरदेवाकडची माणसं इंदूरची मराठी. सुयशजीजूंचे काका, अच्युतकाका, बसमधून हातात घड्याळ धरूनच उतरले. अकराच्या आत सगळं वऱ्हाड लॉनवर, चहा पिऊन, टोपी-फेटे नीट करून तयार. नाच? त्यांनी गेटपासून मांडवापर्यंत नाचून घेतलं, तेवढ्यात बँडवाल्याचं एक गाणं पण पूर्ण झालं नाही.

मी भट्टीकडे पळाले. चिन्मय गोवऱ्या रचत होता.

"पेटव."

"अजून वेळ आहे ना?"

"नाहीये. हे लोक मुहूर्तावर लग्न लावणार आहेत."

"सच्ची?" तो म्हणाला. "मुहूर्तावर?" जसं काही मी म्हटलं, हे लोक चंद्रावर लग्न लावणार आहेत.

पेटवली. पण निखारे पडायला वेळ लागतोच, आणि मग रोडगे आत पुरले की हात लावायचा नाही. घाई केली तर वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. आणि समोर कोण? इंदूरवाले. जे सकाळच्या पोह्यांत शेव किती पडली यावरून भांडतात.

इकडे गुरुजींनी अंतरपाट धरला. मी मनातल्या मनात म्हणतेय, गुरुजी, सावकाश, तुम्हाला काय घाई आहे. पण गुरुजी पण घड्याळवाले निघाले. ठीक साडेबाराला सावधान, अक्षता, हार, बँड. लग्न लागलं. आणि लग्न लागलं की मराठी माणूस कुठे बघतो? तीनशे मुंडकी एकदम गवतावर पंगतीसाठी अंथरलेल्या पट्ट्यांकडे वळली.

मी चिन्मयकडे बघितलं. त्याने लांबून हात हलवला, म्हणजे अजून नाही, बिलकुल नाही.

आणि मला दिसली निर्मलाआत्या. पहिल्या रांगेत, नऊवारीत, हातात तिचे चार कागद गुंडाळलेले, आणि तोंड इतकं उतरलेलं की विचारू नका.

मी माईक उचलला.

"कृपया सगळ्यांनी उभं राहा. वधूच्या आत्यांनी रचलेली मंगलाष्टकं राहिलीच आहेत."

गुरुजी म्हणाले, "लग्न लागलं, बाळ."

"हो गुरुजी, पण आशीर्वाद कधीही चालतात ना?"

"चालतात म्हणजे, तसं..."

"चालतात म्हणाले गुरुजी."

ताईने हाराच्या मागून माझ्याकडे जे बघितलंय ना. जीजू बिचारे हसत होते, त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

पण नुसता माईक देऊन काय होणार, लोक चालायलाच लागले होते. तेव्हा मला एकदम सुचलं. अक्षता. हातात अक्षता असल्या की आपला माणूस जागचा हलत नाही, टाकायची वेळ येईपर्यंत मूठ मिटून उभा राहतो. पण अक्षता तर सगळ्या उधळून झालेल्या. मी पळत स्वयंपाकाकडे गेले, भातासाठी धुवायला काढलेले तांदूळ घेतले, त्यात कुंकू ओतलं, दोन्ही हातांनी कालवलं आणि परातीच्या पराती फिरवल्या. "घ्या काका, घ्या. अजून आहे. हो हो, परत." कुणीच नाही म्हणालं नाही, शपथ. तीनशे माणसं लाल मुठी मिटून गुपचूप उभी.

आणि आत्याने सूर लावला.

"आली ही ऋतुजा सजून नटुनी कोट्र्यातली लाडकी,
इंदोरी सुयशास ती मिळतसे जोडी पहा साजिरी..."

सच्ची सांगते, चांगलं होतं. पहिलं कडवं चांगलंच होतं. तिसऱ्यात बाबांचं प्रमोशन आलं. पाचव्यात बिट्टू. सातव्यात भोपाळचा मोठा तलाव साक्षीला आला. ताई पुटपुटली, "सायली, मी तुला मारून टाकेन," आणि तेही माईकमध्ये गेलं.

आत्या थांबली, मी श्वास घेतला, चिन्मयकडे बघितलं. त्याने दोन बोटं दाखवली. अजून थोडं. आता काय? तेवढ्यात अच्युतकाका पुढे आले. घसा साफ केला. खिशातून कागद काढला.

"वरपक्षाकडूनही काही रचना आहे," ते म्हणाले. "घरातल्यांनी मला म्हणू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण आता प्रथाच पडली आहे तर."

माझ्या मनात लाडू फुटले. मी स्वतः त्यांच्यासमोर माईक धरला.

काकांच्या रचनेत इंदूरचा राजवाडा होता, सराफा बाजार होता, जीजूंचा दहावीचा निकाल होता. ते संपलं तर आत्या म्हणाली, "माझी दोन राहिली आहेत." काका म्हणाले, "मग माझं उत्तर ऐका." आणि जुंपली ना दोघांची. इकडून एक, तिकडून एक. लोक पण रंगले, वा वा करायला लागले. नागपूरवाले आत्याकडून, इंदूरवाले काकांकडून.

आणि तेव्हा चिन्मय दोन्ही हात डोक्यावर नेऊन उड्या मारायला लागला. झाले. रोडगे झाले. आता काढले नाहीत तर जळणार.

मी आत्याला खूण केली. आत्याने डोळे मिटून घेतले. काकांच्या कोपराला हात लावला, काका म्हणाले, "एकच." गुरुजी पाटावर बसून पेंगत होते. म्हणजे लोक थांबायला तयार नव्हते तेव्हा मी थांबवले, आणि आता मीच थांबवलेले लोक मला सुटत नव्हते. डोळ्यांसमोर बँकेचा क्लास, पहिला बाक.

पण चिन्मयने, आता ऐकतोस काय, हो, तुझंच कौतुक करतेय, चिन्मयने कुणाची वाट बघितली नाही. राख उकरली, रोडगे काढून झटकले, परातीत फोडले आणि वरून तूप ओतलं. आणि वारा नेमका मांडवाकडे होता.

तो वास पहिले मागच्या रांगेत पोचला. लोकांनी माना वळवल्या. मग मधे. मग पुढे. काका कडव्याच्या मधोमध होते, "शोभे राजवाड्यापरी" म्हणता म्हणता त्यांचं नाक हललं, मी बघितलं. ते थांबले. कुठूनतरी गल्लीतल्या पांडे अंकलनी आपली मूठ उघडून अक्षता टाकल्या. मग सगळ्यांनीच. गुरुजी दचकून उठले आणि सवयीने म्हणाले, "सावधान." बस, संपलं. बँडवाला पण वाजवायला लागला, त्याला कुणी सांगितलं पण नव्हतं.

काय पंगत बसली, यार. पांडे अंकल आणि इंदूरच्या काकू शेजारी शेजारी, मांडी घालून. वांग्याची भाजी दोनदा परत चढवली. भात मात्र कमी पडला, कारण अर्धा तर सगळ्यांच्या केसांत होता. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "रोडगा घ्या ना," आणि ते घ्यायचे.

बाबा वाढत होते. अच्युतकाकांपाशी आले तर काका मनगटापर्यंत तुपात. मी मठ्ठ्याचं भांडं घेऊन मागेच उभी.

"जेवण कुणाला दिलं होतं?" काकांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग परातीकडे. "आमच्या सायलीला."

"मे महिन्यात आमच्या सईचं लग्न आहे, इंदूरला. तिथेही उघड्यावरच. येईल का ही?"

आणि बाबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "मला काय विचारता, तिचं काम आहे, तिलाच विचारा." आणि त्यांच्या पानात आणखी एक रोडगा टाकून पुढे गेले, जसं काही झालंच नाही. सोमवार येऊन गेला. क्लासचं नाव कुणी काढलं नाही.

तर मे महिन्यात इंदूर. वाढायला माणसं लागतील, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय, नुसता चहा प्यायला नाही. ताई येणार आहे, पण ती म्हणते, मांडवात मी माईकपाशी पहाऱ्याला बसणार. आत्याने सईवर सहा कडवी तयार पण केली आहेत.

आणि चिन्मय, भट्टी सकाळी आठला.