हात न लावता पाडणारा महागुरू

सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. मंचावर काळा पट्टा बांधलेला महागुरू टाच आपटून हवेत तळहात फेकत होता आणि दहा पावलांवरची धडधाकट माणसं आडवी होत होती. टाळ्या थांबत नव्हत्या. तिसरा पडला तो माझा धाकटा भाऊ.

"घाम गाळून काही मिळत नाही," महागुरू सांगत होता. "जपानच्या डोंगरात मला 'की' मिळाली. की म्हणजे प्राणशक्ती. तिच्यापुढे शत्रूही पडतो आणि आजारही."

आपल्याकडे 'की' म्हटल्यावर पुढे काहीतरी सांगावं लागतं. याचं तिथंच संपायचं.

मी नळदुरुस्तीची कामं करतो. रागाच्या भरात एकदा स्वतःच्याच घराचं दार फोडलं, तेव्हा चाळिशीत कराटे शिकायला गेलो. शिकवणाऱ्या बाई दिवसा प्रयोगशाळेत रक्त तपासतात. पहिले सहा महिने त्यांनी मला नीट उभं राहायला, श्वास सोडायला आणि पडायला शिकवलं, बाकी काही नाही. भाऊही दोन वर्षं आमच्यासोबत होता. मग हा महागुरू आला आणि बाईंचा वर्ग निम्मा रिकामा झाला. त्याचं मी मनावर घेतलं नसतं. पण भावानं इन्सुलिन बंद केल्याचं भावजयीनं सांगितलं आणि मी त्याला ओढतच बाईंकडे नेलं.

बाईंनी त्याचं रक्त तपासलं. "असंच चाललं तर हा लवकरच इस्पितळात जाईल," त्या म्हणाल्या.

भाऊ ऐकेना. "दादा, मी नाटक करत नाही रे. खरंच कोणीतरी ढकलतं मला."

"तो खोटं बोलत नाहीये," बाई मला नंतर म्हणाल्या. "म्हणूनच जाऊन बघायला हवं."

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही पहिल्या रांगेत होतो. सगळे महागुरूच्या हातांकडे बघत होते, बाई पायांकडे. थोड्या वेळानं त्या मंचावर चढल्या.

"मला पाडून दाखवा."

महागुरूनं टाच आपटली, तळहात फेकला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"यांच्या मनात संशय आहे. संशयानं शक्ती अडते."

"म्हणजे शत्रूनं आधी विश्वास ठेवायचा आणि मग पडायचं?" बाईंनी विचारलं. मागे कोणीतरी हसलं. "बरं, विश्वास असलेल्यालाच पाडा. फक्त त्याचे डोळे बांधू."

महागुरू खुशीत तयार झाला. भावाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. "घामाघूम झालात, आधी पाणी प्या," म्हणत बाईंनी महागुरूच्या हातात पेला दिला. तो पेला तोंडाला लावतोय तोच बाईंनी फळीवर टाच आपटली.

भाऊ धाडकन पडला.

"बघितलंत? केवढी ताकद," तो पडल्यापडल्या म्हणाला. कोणीच टाळी वाजवली नाही. त्यानं पट्टी सोडली. समोर महागुरू पेला धरून उभा होता.

"यांना टाचेच्या आवाजावर पडायची सवय लागली आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पडू अशी खात्री असली की शरीर पडतं. पण साखर विश्वासानं उतरत नाही."

"बाहेर काढा हिला," महागुरू ओरडला. त्याचे चारपाच चेले पुढे आले. माझ्या मुठी वळल्या. मी श्वास सोडला, मुठी उघडल्या आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आम्ही दोघं हललो नाही. मग भाऊही आमच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, घरी चल. इंजेक्शन घ्यायचंय."

चेले थबकले. आम्ही त्यांच्यामधून चालत बाहेर आलो.

पुष्कळजण आजही त्या महागुरूकडे जातात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मेहनतीविना शक्ती आणि औषधाविना आरोग्य देणारा कोणी भेटला, तर त्याची परीक्षा घ्या. परीक्षेला तो चिडला, तर उठून या. आमच्या बाईंचीही घ्या. त्या चिडत नाहीत, उलट कशी घ्यायची ते शिकवतात.