पाच वजूंचं पाणी

औशात कुणाची कोंबडी खुडूक झाली की बाया आधी हाजराबीकडे यायच्या. अंडी किती मांडायची, कोणती काढून टाकायची, ते गल्लीची ही खाला, म्हणजे मावशीच सांगणार. चाळीस वर्षं तिच्या अंगणातली पिल्लं गल्लीतल्या घराघरात गेली होती. आणि त्याच हाजराबीच्या नावापुढं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं : ‘लाभार्थीचा हलगर्जीपणा.’

उर्दू तिसरीपर्यंतची तिची शाळा. त्या मराठी कागदावर तिनं न वाचता सही ठोकली होती. दुसऱ्या दिवशी सून हसीनानं तो वाचून दाखवला, तेव्हा हातातलं पातेलं तिनं असं आपटलं की शेजारची सरजाबाई भिंतीवरून डोकावली.

“काय झालं वो खाला?”

“माझी इज्जत सांडली. पातेलं रिकामंच होतं.”

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती. कचेरी नवी, पाटी नवी, योजना नवी. पाऊस मात्र दोन वर्षांत धड झाला नव्हता. त्या योजनेतून बायांना अंडी उबवायच्या पेट्या मिळाल्या. लाकडी पेटी, आत ऊब धरायला दिवा, खाली पाण्याचं पत्र्याचं ताट, आणि दोन काचेच्या नळ्या. एक नळी गरमी सांगायची. दुसरीच्या टोकाला ओली वात बांधलेली. ती ओलावा सांगायची. सोबत छापील कागद : ‘ताटात दर चार दिवसांनी पाणी भरावे.’

पेट्या वाटणारा शिवमूर्ती साहेब उदगीरचा. त्याच्या घरात सात पिढ्यांत अंड्याचं टरफल आलं नव्हतं, आणि तोच अंड्यांचा साहेब. बिचारा अंडं उचलायचा तेसुद्धा रुमालानं.

हाजराबीनं पहिल्या खेपेला कागदाबरहुकूम केलं. चाळीस अंडी, चार दिवसांनी पाणी. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली. बाकीची अंडी तिनं फोडून पाहिली. आत पुरती वाढलेली पिल्लं. चोच टरफलाला टेकलेली, आणि आतला पापुद्रा पिसांना वाळक्या कागदासारखा चिकटलेला. हलायलाच जागा नव्हती त्यांना. दारापर्यंत येऊन मेली होती.

एप्रिलचा औसा. सकाळी धुतलेली चादर भाकरी होईस्तोवर वाळायची, मग ताटातलं पाणी चार दिवस कसं पुरावं? दुसऱ्या दुपारीच ताट कोरडं ठाक. तिनं ते साहेबाला दाखवलंही. साहेब म्हणाला, “कागद तज्ज्ञांनी लिहिला आहे, आजी.” आणि ‘हलगर्जीपणा’ लिहून गेला. जाताना सांगून गेला, की दुसरी खेप फसली तर पेटी परत, आणि मेळाव्यात नाव वाचून दाखवणार, म्हणजे इतर बायांना धडा मिळेल.

“माझ्या नावाचा धडा!” हाजराबी दिवसभर धुमसत होती. “तज्ज्ञ कुठं बसून राहिलाय ते बघा. त्याच्या खिडकीखाली नदी असंल!”

दुसऱ्या खेपेला तिनं कागद चुलीमागं खोचला. कोंबडीखाली तिनं जन्मभर ओली माती टाकली होती, उन्हाळ्यात अंड्यांवर पाण्याचा हात फिरवला होता. पेटीलाही तेच पाहिजे. पण पाणी कुठलं आणायचं? टँकर दिवसाआड, घराला चार घागरी. तिनं एक तांब्या जास्त मागितला तर रांगेत सरजाबाई ओरडली, “व्हा बाजूला गं! खालाच्या पेटीला आधी पाजा, बाळंत व्हायचीय ती!”

सगळी रांग हसली. हाजराबी तांब्या न भरताच घरी आली.

त्याच दुपारी नमाजाआधी वजूला बसली. हात, तोंड, पाय धुतले, आणि खाली मोरीत जाणाऱ्या स्वच्छ पाण्याकडे बघत राहिली. दिवसातून पाच वेळा, तिचं आणि हसीनाचं. पुढच्या वजूपासून खाली परात आली.

मग दिवसातून पाच वेळा पेटीला पाणी. झाकण उघडलं तर ओल उडून जाते, म्हणून दवाखान्यातून सलाईनची जुनी नळी धुऊन आणली आणि बाजूच्या भोकातून ताटात सोडली. ताटात मलमलचं फडकं पसरलं, म्हणजे पाणी अंग पसरून वाफ देईल. वातीच्या नळीवर सुरम्यानं दोन रेघा ओढल्या. पहिले अठरा दिवस पारा खालच्या रेघेवर, शेवटचे तीन वरच्या, कारण टरफल फोडताना पिल्लाला ओल जास्त लागते.

एकविसाव्या दिवशी सकाळी शिवमूर्ती साहेब आला. पेटी न्यायला टांगाच घेऊन आला होता.

“बघू,” म्हणत त्यानं झाकणाला हात घातला.

हाजराबीच्या हातातला पंखा फाडकन त्याच्या मनगटावर बसला. “बाळंतिणीच्या खोलीत गडी शिरतो का? आतून पिल्लं चोचा मारून राहिलीत. आता झाकण उघडलं तर पापुद्रा वाळंल, अन् तुमी पुन्हा माझंच नाव लिवाल.”

“आजी, मला निलंग्याला जायचंय.”

“जावा की. पेटी हितंच ऱ्हाईल.”

साहेब खाटेवर बसला. चहा मिळाला नाही. पाणी मोजून होतं. दुपारी पेटीतून चिवचिव आली. टांगेवाला कंटाळून गेला. सरजाबाई भिंतीवरून उतरून अंगणात आली आणि तोंडावर पदर धरून उभी राहिली. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर हाजराबीनं आपल्या हातानं झाकण उचललं. तेहतीस पिल्लं, सुकून कापसासारखी फुललेली.

साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं कागद काढला, भराभर लिहिलं आणि पेन पुढं केलं. “सही.”

“वाचा.”

“...विभागाच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी.”

“कुणाच्या?” हाजराबीनं पेन घेतलंच नाही. “तुमचं मार्गदर्शन चुलीमागं हाय. वाळवी खाऊन राहिली त्याला. लिवा, औशात उन्हाळ्यात पाणी पाच वेळा. लिवा, झाकण उघडायचं न्हाई. अन् ते मागलं हलगर्जीपणाचं खोडा.”

“आजी, शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा. एवढं मावत नाही त्यात.”

“हलगर्जीपणा मावला ना? मग हे बी मावतं.”

सरजाबाई पदराआडून म्हणाली, “लिवा सायेब. पुढली पेटी माझ्या घरी यायची हाय.”

साहेबानं बारीक अक्षरात लिहिलं. मागचा शेरा खोडला. हाजराबीनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा हसीनाकडून. मग पेन घेऊन कागदाच्या उजव्या टोकापासून आपलं नाव उर्दूत लिहिलं, सावकाश, एकही नुक्ता, एकही टिंब न सोडता.

आणि दिवस मावळताना मगरिबच्या वजूला उठली. झाकण पुन्हा लावलेल्या पेटीत अजून दोन अंडी हलत होती.