विक्रीला ठेवलेल्या बाई

बालवर्गातल्या बाईंना मुलांनी विकायला ठेवलं होतं.

तशी चूक बाईंचीच. पोरांना पैशांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी वर्गात दुकान मांडलं, खरी नाणी वाटली आणि हौसेच्या भरात सांगितलं, "दिसेल त्या वस्तूला किंमत लावा." मुलांनी खडूंना, डब्यांना, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. मग त्यांना बाई दिसल्या. आता बाई दोन बाकांमागे, कोपऱ्यात, बालवर्गाच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या. खांद्यावर चिठ्ठी: पाच नाणी.

"टिल्ले, मला जरा बाहेर येऊ दे गं."

"वस्तू आपली आपण उठून जात नसते, बाई," गल्ल्यावरची टिल्ली म्हणाली.

बाक सरकवून उठणं काही अवघड नव्हतं. पण दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, आणि खेळ मध्येच मोडायचा नाही हा नियम त्यांचाच. शिवाय दरवर्षी वर्षभराच्या करारावर राबणाऱ्या बाईंना यंदा तरी कायम करायचं की नाही, हेही आज त्याच ठरवणार होत्या. बाई गोड हसत बसून राहिल्या.

मोठ्या बाई पुढे आल्या. "ह्या केवढ्याला?"

"पाच. एकदा नेल्या की कायमच्या तुमच्या."

"महाग आहेत गं. जुन्या दिसतात."

"वापरलेल्या आहेत," शेजारच्या ढोल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. "ओरडतात थोड्या. पण गाणी येतात."

मोठ्या बाईंच्या तळहातावर बरोबर पाच नाणी होती. घ्या ना, बाई मनातल्या मनात म्हणाल्या, खेळात का होईना.

मोठ्या बाईंनी नाणी खुळखुळवली. "भाड्यानं नाही मिळणार?"

टिल्लीनं विचार केला. तिच्या घरी सायकल भाड्यानंच आणत. "मिळतील. एक नाणं. पण परत आणून द्यायच्या."

नाणं डब्यात टणकन पडलं.

"व्यवहार छान शिकवलात हो," बाईंना हात देऊन उठवत मोठ्या बाई म्हणाल्या. "चला ऑफिसात, सही करून टाका. यंदाही वर्षाचीच."

"मोडल्या तर भरून द्याव्या लागतील!" ढोल्या मागून ओरडला.

मोठ्या बाई पोट धरून हसल्या. बाईंच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्या लंगडत निघाल्या, तर मोठ्या बाईंना वाटलं, तीही गंमतच.